तारा हाती आल्या, खतावणी राहिली: हवाईच्या टेलिफोन कंपनीचे 2005 चे हस्तांतर

1 एप्रिल 2006 रोजी हवाई बेटांवरचे टेलिफोन नेहमीसारखेच वाजत होते. खांब तेच होते, तारा त्याच होत्या, एक्स्चेंजही तीच होती आणि खांबावर चढणारे लाइनमनही बदललेले नव्हते. बदलली होती ती या सगळ्याचा हिशेब ठेवणारी संगणक यंत्रणा. 31 मार्चपर्यंत ही यंत्रणा व्हेरायझन ही बलाढ्य कंपनी अमेरिकेच्या मुख्य भूमीवरून चालवत होती आणि 1 एप्रिलपासून ती हवाईयन टेलकॉम या नव्या नावाच्या कंपनीने स्वतः चालवायची होती. त्यानंतर 2 वर्षे 8 महिन्यांनी, 1 डिसेंबर 2008 रोजी, हवाईयन टेलकॉमने दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घेतला.

या पडझडीची कारणे सांगताना लोकांचे दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, कंपनी कर्जाने बुडाली. दुसरा म्हणतो, सॉफ्टवेअरने बुडवले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, मात्र त्या एकमेकींपासून सुट्या काढता येत नाहीत, असे हे प्रकरण पुन्हा पुन्हा वाचल्यावर माझे मत झाले आहे. विकत घेणाऱ्याने तारांची किंमत मोजली, पण तारांइतकीच मोलाची असलेली खतावणी, म्हणजे हिशेब ठेवणारी ही संगणक यंत्रणा, सौद्यात आलीच नव्हती. ती नव्याने लिहून काढायला किती दिवस लागतील याचा अंदाज कामाकडे पाहून न बांधता कराराच्या मुदतीकडे पाहून बांधला गेला. हे का घडले ते समजण्यासाठी आधी ही कंपनी कोणत्या मुशीतून घडली होती ते पाहावे लागते.

बेटांची कंपनी

हवाईत टेलिफोन फार लवकर पोहोचला. ग्रॅहम बेल यांना पेटंट मिळाले 1876 मध्ये आणि 1878 मध्ये मावी बेटावरील चार्ल्स डिकी या व्यापाऱ्याने आपले घर आणि दुकान यांच्यामध्ये तार ओढून बोलायला सुरुवातही केली होती. त्या वेळी हवाई हे स्वतंत्र राज्य होते आणि गादीवर राजा कलाकौआ होता. 1880 च्या अखेरीस होनोलुलूत हवाईयन बेल कंपनी उभी राहिली. 1883 मध्ये तिच्या समोर म्युच्युअल टेलिफोन कंपनी स्थापन झाली. म्युच्युअल म्हणजे परस्परांची, आणि या नावातच तिचा स्वभाव सांगितलेला होता. काही वर्षे एका लहानशा शहरात दोन कंपन्यांच्या तारा शेजारी शेजारी लोंबत राहिल्या. अखेर 1894 मध्ये म्युच्युअलने बेल कंपनी विकत घेतली आणि तिथून पुढे बेटांवरचा टेलिफोन म्हणजे म्युच्युअल असे समीकरण झाले.

मात्र तारेने बोलता येत होते ते एकाच बेटावर. होनोलुलूचे ओआहू बेट, मावी, मोलोकाई, कौआई आणि सर्वांत मोठे हवाई बेट यांच्यामध्ये खोल समुद्राच्या खाड्या आहेत आणि एका बेटावरचा निरोप दुसऱ्या बेटावर आगबोटीनेच जात असे. बाहेरच्या जगाशी तर याहून वाईट अवस्था होती. अमेरिकेने हवाई आपल्या राज्यात सामील करून घेतल्याच्या ठरावावर राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ले यांची सही 7 जुलै 1898 रोजी झाली. आपण आता अमेरिकेत आहोत हे होनोलुलूच्या लोकांना कळले ते 13 जुलैला, कॉप्टिक नावाची आगबोट बंदरात आल्यावर. जवळपास आठवडाभर एक देश नाहीसा झालेला होता आणि तिथल्या लोकांनाच त्याचा पत्ता नव्हता.

या अडचणीतून वाट काढली ती बिनतारी संदेशाने. फ्रेड क्रॉस यांच्या पुढाकाराने इंटर-आयलंड टेलिग्राफ कंपनी निघाली, तिने मार्कोनी कंपनीची यंत्रे आणि माणसे आणली आणि 2 मार्च 1901 रोजी बेटाबेटांमधली बिनतारी सेवा लोकांसाठी खुली झाली. मार्कोनी यांनी अटलांटिक ओलांडून संकेत पकडल्याची प्रसिद्ध घटना त्याच वर्षीच्या डिसेंबरमधली, हे ध्यानात घेतले म्हणजे पॅसिफिकच्या मध्यावरचे हे साहस किती धीटपणाचे होते ते कळते. पैसे भरून कोणालाही वापरता येणारी बिनतारी सेवा त्या वेळी जगात जवळजवळ कुठेच नव्हती. सुरुवातीची यंत्रे बेभरवशाची होती आणि निरोप नीट पोहोचेल की नाही याची शाश्वती नसे. पण साखरेच्या मळेवाल्यांना बोटींच्या वेळा आणि बाजारभाव कळण्याची गरज इतकी होती की सेवा तगली. पुढे काही वर्षांतच ती म्युच्युअलकडे आली. अशा रीतीने तार आणि बिनतार अशी दोन्ही साधने एकाच स्थानिक कंपनीच्या हाती एकवटली.

पुढची वाटचाल थोडक्यात सांगता येईल. 1910 मध्ये होनोलुलूत स्वयंचलित एक्स्चेंज बसले, म्हणजे मध्ये ऑपरेटर न घेता थेट क्रमांक फिरवता येऊ लागला. हवाईयन, जपानी, चिनी, पोर्तुगीज, इंग्रजी अशा भाषा एकाच गल्लीत कानावर पडणाऱ्या शहरात ही केवढी सोय झाली असेल! 1931 च्या अखेरीस बेटाबेटांमध्ये आणि पाठोपाठ अमेरिकेच्या मुख्य भूमीशीही रेडिओवरून प्रत्यक्ष बोलता येऊ लागले. 1954 मध्ये म्युच्युअलचे नाव बदलून हवाईयन टेलिफोन कंपनी झाले. 1957 मध्ये कॅलिफोर्नियापासूनची पहिली समुद्राखालची टेलिफोन केबल ओआहूच्या हनौमा उपसागरात किनाऱ्याला लागली. या सर्व काळात कंपनीचे भांडवल, अभियंते, बिले लिहिणारे कारकून आणि तक्रार ऐकणारी माणसे बेटांवरचीच होती.

1967 मध्ये मुख्य भूमीवरच्या जीटीईने ही कंपनी घेतली. जीटीई आणि बेल अटलांटिक यांच्या विलीनीकरणातून 2000 मध्ये व्हेरायझन जन्माला आली आणि हवाईची कंपनी व्हेरायझन हवाई झाली. या तीन-साडेतीन दशकांत जे घडले त्याची कुठे बातमी झाली नाही, कारण त्यात बातमी होण्यासारखे काहीच नव्हते. मोठ्या समूहात येणाऱ्या प्रत्येक कंपनीचे होते तेच झाले: बिलिंग, जोडण्यांची नोंद, साठ्याचा हिशेब, पगारपत्रके अशी कामे हळूहळू समूहाच्या सामाईक संगणकांवर गेली. खर्च वाचला आणि कोणाची काही तक्रारही नव्हती. बेटांवर उरल्या तारा, एक्स्चेंज आणि लाइनमन.

सौदा

मे 2004 मध्ये कार्लाइल ग्रुप या वॉशिंग्टनच्या खासगी गुंतवणूक कंपनीने व्हेरायझन हवाई 165 कोटी डॉलरना घेण्याचे जाहीर केले. विकत घ्यायच्या मालात सुमारे 7 लाख टेलिफोन जोडण्या, इंटरनेट सेवा आणि टेलिफोन डिरेक्टरीचा व्यवसाय होता. कार्लाइलच्या दूरसंचार विभागाची धुरा विल्यम केनार्ड यांच्याकडे होती. ते 1997 ते 2001 या काळात अमेरिकेच्या संघीय दूरसंचार आयोगाचे अध्यक्ष होते, तेव्हा खरेदीदाराला या धंद्याची माहिती नव्हती असे कोणी म्हणू शकणार नाही.

एक गोष्ट मात्र सौद्यात नव्हती. व्हेरायझनने आपला मोबाइल व्यवसाय स्वतःकडेच ठेवला. ज्या कंपनीच्या परंपरेत 1901 ची बिनतारी सेवा होती, ती कंपनी आता बिनतारी सेवेविना विकली जात होती, आणि तेही घरचा फोन काढून टाकून मोबाइलवर भागवण्याची सवय जगभर लागत असताना. नव्या मालकांनी पुढे स्प्रिंट कंपनीच्या जाळ्यावर स्वतःच्या नावाची मोबाइल सेवा सुरू केली, पण ती भाड्याच्या घरात थाटलेल्या संसारासारखी होती. हा मुद्दा मी येथे नुसता नोंदवतो आहे. मुख्य कहाणी वेगळीच आहे.

बेटांवर या सौद्याचे स्वागत आणि त्याविषयीची शंका अशा दोन्ही प्रतिक्रिया उमटल्या. चार दशकांनंतर कंपनीचा कारभार होनोलुलूतून चालेल, मुख्य भूमीवर गेलेली कामे आणि नोकऱ्या परत येतील, हे आश्वासन कोणालाही आवडण्यासारखे होते. दुसरीकडे राज्याच्या ग्राहक-हित विभागाने सौद्यावर आक्षेप नोंदवले होते, आणि त्यांचा रोख कर्जाच्या ओझ्यावर आणि नव्या यंत्रणेच्या जोखमीवर होता. सार्वजनिक सेवा आयोगाने मार्च 2005 मध्ये अटी घालून परवानगी दिली. 2 मे 2005 रोजी व्यवहार पूर्ण झाला आणि व्हेरायझन हवाईचे नाव हवाईयन टेलकॉम झाले. जुन्या लोकांच्या तोंडी असलेल्या ‘हवाईयन टेल’ या नावाशी ते मुद्दाम जुळते ठेवलेले दिसते.

आता पैशांची बाजू. 165 कोटींपैकी कार्लाइलने स्वतःचे भागभांडवल म्हणून सुमारे 42 कोटी 50 लाख डॉलर घातले आणि बाकीची रक्कम कर्जाने उभी केली. त्या कर्जात 50 कोटींचे रोखे होते: 15 कोटी बदलत्या व्याजदराचे, 20 कोटी 9.75 टक्क्यांचे आणि 15 कोटी 12.5 टक्क्यांचे. शेवटच्या दोन प्रकारांचेच वर्षाचे व्याज काढले तर ते 3 कोटी 82 लाख 50 हजार डॉलर होते. बँकांच्या कर्जाचे व्याज वेगळे. साडेबारा टक्के हा दर अमेरिकेत कोणी आनंदाने देत नाही. रोखे घेणाऱ्यांनीही धोका हेरला होता आणि त्याची किंमत व्याजात लावून घेतली होती, एवढाच त्याचा अर्थ. महिन्याच्या महिन्याला येणारी टेलिफोनची बिले हे फार भरवशाचे उत्पन्न असते, या गृहीतकावर हा सगळा डोलारा उभा होता. आणि बिल काढणारी यंत्रणा तर अजून तयारच व्हायची होती.

खतावणी म्हणजे काय

टेलिफोन कंपनी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर खांब आणि तारा येतात. तिच्या पाठीमागे किती कारकुनी चालते हे गिऱ्हाइकाला सहसा दिसत नाही, म्हणून ती एका साध्या उदाहरणाने दाखवतो.

समजा, हिलो गावातले एक कुटुंब तीन गल्ल्या पलीकडे राहायला गेले आणि त्यांना जुनाच क्रमांक नव्या घरी हवा आहे. घरच्या बाईंनी कंपनीला फोन केला. पलीकडच्या माणसाने पडद्यावर त्यांचे खाते उघडले आणि बदलीचा अर्ज भरला. आता त्या अर्जाने स्वतःच पुढे चालायला हवे. नव्या घराजवळच्या खांबावरच्या पेटीत तांब्याची कोणती जोडी रिकामी आहे हे नोंदवहीत पाहायचे आणि ती जोडी या कुटुंबासाठी राखून ठेवायची. एक्स्चेंजला आज्ञा द्यायची की हा क्रमांक आता या जोडीवर वाजव. लाइनमनच्या उद्याच्या कामांत हा पत्ता टाकायचा आणि घरी कोणीतरी असेल अशी वेळ निवडायची. 911 या तातडीच्या क्रमांकाच्या नोंदीत पत्ता बदलायचा, नाहीतर आग लागल्यावर बंब जुन्या घरी जाईल. डिरेक्टरीतला पत्ता बदलायचा. जुन्या घरच्या फोनचे भाडे ज्या दिवशी थांबले आणि नव्या घराचे ज्या दिवशी सुरू झाले त्या दिवसांचा हिशेब करून दोन तुकड्यांचे एकच बिल काढायचे, त्यात लांब पल्ल्याच्या कॉलची योजना, इंटरनेटची सवलत आणि सरकारी आकार जसेच्या तसे चालू ठेवायचे.

यातले प्रत्येक काम वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये होते, आणि ही सॉफ्टवेअर एकमेकांशी बोलत राहिली तरच अर्ज कोणाचा हात न लागता शेवटपर्यंत पोहोचतो. व्हेरायझनमध्ये ही साखळी वर्षानुवर्षांच्या दुरुस्त्यांनी घासूनपुसून गुळगुळीत झालेली होती. त्यात कुठे काय बारकावे लपलेले आहेत ते कागदावर लिहिलेले कमी आणि माणसांच्या डोक्यात जास्त असते, आणि ती माणसे मुख्य भूमीवर होती.

अकरा महिने

हवाईयन टेलकॉमने ही साखळी नव्याने उभारण्याचे काम बेअरिंगपॉइंट या सल्लागार कंपनीला दिले. नवी यंत्रणा तयार होईपर्यंत व्हेरायझनने ठरावीक शुल्क घेऊन आपली यंत्रणा वापरू द्यायची होती. ही मुदत सुरुवातीला नऊ महिन्यांची होती. ती थोडी वाढवून 31 मार्च 2006 पर्यंत नेण्यात आली. व्यवहार पूर्ण झाल्यापासून मोजले तर अकरा महिने.

सुमारे 7 लाख जोडण्यांची, तीनशे मैलांपेक्षा जास्त लांबीच्या बेटसमूहात पसरलेली, सव्वाशे वर्षांच्या जुन्या नोंदींचे ओझे वाहणारी कंपनी अकरा महिन्यांत स्वतःची ऑर्डर, नोंद, दुरुस्ती, बिलिंग आणि लेखा यंत्रणा एकाच वेळी, कोऱ्या पाटीवर उभारणार होती. मला या आकड्याचे सर्वांत जास्त आश्चर्य वाटते. त्यापेक्षा मोठ्या कंपन्या एकटे बिलिंग सॉफ्टवेअर बदलायला दोन-दोन वर्षे घेतात, आणि जुने सॉफ्टवेअर शेजारी चालू ठेवून घेतात. येथे जुने शेजारी ठेवण्याची सोय नव्हती, कारण ते दुसऱ्याच्या मालकीचे होते. एका रात्री एक बंद आणि दुसरे चालू.

मुदत आणखी वाढवून का घेतली नाही? कारण कर्जाचे मीटर चालू होते. व्हेरायझनला दर महिन्याचे शुल्क द्यायचे, बेअरिंगपॉइंटला पैसे द्यायचे, वर रोख्यांचे व्याज. या तिन्ही धारा एकाच डब्यातून वाहत होत्या. कमी कर्जाच्या कंपनीला सहा महिने थांबणे परवडले असते. कर्ज आणि सॉफ्टवेअर ही कारणे वेगळी काढता येत नाहीत असे मी वर म्हटले ते याचसाठी.

एप्रिल 2006 पासून काय घडले ते कंपनीनेच पुढे आपल्या वार्षिक अहवालांत मान्य केले आहे. अर्ज साखळीत मधेच अडकू लागले आणि माणसांनी हाताने पुढे ढकलावे लागले. बिलांमध्ये चुका निघू लागल्या. चुकीचे बिल आलेला प्रत्येक ग्राहक फोन करणार, त्यामुळे कॉल सेंटरमध्ये ताटकळण्याची वेळ वाढली, आणि ती कमी करण्यासाठी बाहेरच्या कंपन्यांची माणसे पैसे मोजून घ्यावी लागली. जी कामे संगणकाने फुकटात करायची, तीच आता दुप्पट खर्चाने माणसे करत होती.

मला यातला सर्वांत दुखरा भाग वेगळाच वाटतो. बिल थकवणाऱ्या ग्राहकाला कंपनी आधी स्मरणपत्र पाठवते, मग जोडणी तोडते. ही धमकी खरी असते म्हणून लोक वेळेवर पैसे भरतात. पण कंपनीलाच आपल्या बिलाची खात्री नसेल तर ती कोणत्या तोंडाने जोडणी तोडणार? हवाईयन टेलकॉमला काही काळ ही वसुली सैल सोडावी लागली. ज्या ‘भरवशाच्या’ उत्पन्नावर रोखे काढले होते ते असे मुळाशीच पोखरले गेले. जमाखर्चाच्या नियंत्रणात गंभीर उणिवा असल्याचेही कंपनीला आपल्या अहवालांत लिहावे लागले, आणि रोखेधारकांसमोर असे लिहिणे म्हणजे स्वतःच्या हाताने स्वतःची पत खोडणे होते.

याच सुमारास केबल टीव्हीची कंपनी आपल्या तारेवरून टेलिफोन सेवा देऊ लागली होती. कॉल सेंटरच्या रांगेत ताटकळलेल्या ग्राहकाला दुसरे दार उघडे होते, आणि मोबाइलचे तिसरे दारही होते. जोडण्या जगभरच घटत होत्या, त्यात येथे स्वतः ग्राहकाला दाराबाहेर ढकलल्याची भर पडली.

फेब्रुवारी 2007 मध्ये बेअरिंगपॉइंटशी तडजोड झाली. तिने 5 कोटी 20 लाख डॉलर दिले, आपल्या थकलेल्या बिलांवर पाणी सोडले आणि काम अॅक्सेंचरकडे गेले. त्याच वर्षी कंपनीने डिरेक्टरीचा व्यवसाय 43 कोटी 50 लाख डॉलरना विकून कर्ज हलके केले. हा निर्णय त्या घडीला बरोबर होता असे म्हणता येईल, पण डिरेक्टरी म्हणजे जवळपास खर्च नसलेली मिळकत. शेत पिकेना म्हणून विहिरीवरचा पंप विकण्यासारखे ते होते.

न्यायालय

फेब्रुवारी 2008 मध्ये मुख्य कार्यकारी अधिकारी मायकल रुली गेले आणि स्टीफन कूपर हंगामी प्रमुख म्हणून आले. एन्रॉन कोसळल्यावर तिची आवराआवर करण्यासाठी ज्यांना बोलावले होते तेच हे कूपर. त्यांची नेमणूक झाली तेव्हाच जाणकारांनी पुढचे पाऊल ओळखले असणार. त्या उन्हाळ्यात हवाईच्या वीज कंपनीतून आलेले एरिक येमन यांनी सूत्रे घेतली. सप्टेंबरमध्ये वॉल स्ट्रीट कोसळली, नवे कर्ज मिळण्याची उरलीसुरली आशा संपली आणि 1 डिसेंबर 2008 रोजी कंपनीने दिवाळखोरी कायद्याच्या 11 व्या प्रकरणाखाली अर्ज केला. अर्ज डेलावेअरमध्ये झाला असला तरी खटला होनोलुलूला आणण्यात आला.

या काळात फोन एकही दिवस बंद पडला नाही, हे नोंदवायला हवे. 11 वे प्रकरण कंपनी मोडण्यासाठी नसते, देणी छाटून ती चालू ठेवण्यासाठी असते. सुमारे 110 कोटींचे कर्ज छाटून 30 कोटींवर आले. तारण असलेले धनको कंपनीचे नवे मालक झाले, साडेबारा टक्क्यांच्या मोहाने रोखे घेणाऱ्यांचे हात जवळजवळ रिकामे राहिले आणि कार्लाइलचे 42 कोटी 50 लाख डॉलर पार बुडाले. न्यायालयाचा होकार 2009 च्या अखेरीसच मिळाला होता, पण सार्वजनिक सेवा आयोगाची परवानगी येईपर्यंत आणखी जवळपास वर्ष गेले आणि 28 ऑक्टोबर 2010 रोजी कंपनी दिवाळखोरीतून बाहेर पडली. 2005 च्या अनुभवानंतर आयोग घाईत नव्हता, याचे नवल वाटायला नको.

तेच पुन्हा, दुसरीकडे

हे हवाईच्या दूरपणामुळे घडले, असे म्हणण्याचा मोह होतो. बेटे मुख्य भूमीपासून अडीच हजार मैलांवर, कुशल माणसे मिळत नाहीत, वगैरे. पण या युक्तिवादाला एक चोख उत्तर मिळते.

मेन, न्यू हॅम्पशायर आणि व्हरमाँट या ईशान्येकडच्या तीन राज्यांतला व्हेरायझनचा टेलिफोन व्यवसाय फेअरपॉइंट या कंपनीने मार्च 2008 मध्ये सुमारे 270 कोटी डॉलरच्या सौद्यात घेतला. ही राज्ये मुख्य भूमीवरच आहेत, बॉस्टनपासून मोटारीच्या अंतरावर. तेथेही भरपूर कर्ज होते, तेथेही व्हेरायझनची यंत्रणा काही काळ भाड्याने होती, तेथेही बाहेरच्या सल्लागार कंपनीने, म्हणजे कॅपजेमिनीने, नवी यंत्रणा उभारली. 2009 च्या सुरुवातीला एका फटक्यात बदल झाला, अर्ज तुंबले, बिले चुकली, ग्राहक ताटकळले, आणि ऑक्टोबर 2009 मध्ये फेअरपॉइंटही त्याच 11 व्या प्रकरणाखाली उभी राहिली. हवाईची कागदपत्रे तोवर सर्वांसाठी खुली होती.

2010 मध्ये व्हेरायझनने चौदा राज्यांतल्या जोडण्या फ्रंटियर कंपनीला विकल्या तेव्हा मात्र क्रम उलटा झाला. तेरा राज्यांसाठी व्हेरायझनने आधी आपल्या यंत्रणेची स्वतंत्र प्रत तयार केली, ती वेगळी चालवून पाहिली, आणि मग व्यवहार पूर्ण होताना ती जोडण्यांसोबत दिली. नियामकांनी दोन दिवाळखोऱ्या पाहिल्या होत्या, आणि या वेळी खतावणी सौद्याच्या यादीत आली होती.

हवाईयन टेलकॉम दिवाळखोरीनंतर सावरली. 2011 मध्ये तिने स्वतःची टीव्ही सेवा सुरू केली, घरोघरी फायबर नेण्याचे काम हाती घेतले आणि 2017 मध्ये सुरू झालेल्या आग्नेय आशिया-अमेरिका समुद्री केबलमध्ये ती भागीदार झाली. ही केबल ओआहूच्या पश्चिम किनाऱ्यावर माकाहाला उतरते. जुलै 2018 मध्ये सिनसिनाटी बेल कंपनीने तिला कर्जासह सुमारे 65 कोटी डॉलरना घेतले. 2005 च्या 165 कोटींतून विकलेल्या डिरेक्टरीचे 43 कोटी 50 लाख वजा केले तरी 121 कोटी 50 लाख उरतात. मधल्या तेरा वर्षांत जुन्या तारांची किंमत सगळीकडेच उतरली होती, म्हणून ही सारी घट 2006 च्या माथी मारणे योग्य होणार नाही. एक फरक मात्र या सौद्यात होता: या वेळी कंपनीची ऑर्डर, नोंद आणि बिलिंगची यंत्रणा तिची स्वतःची होती, आणि ती तिच्यासोबतच विकली गेली.